जपानमधील रेल्वेप्रवास : पास की सुटे तिकीट?

जपानची सहल ठरली की विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांच्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास उभा राहतो. तेथील रेल्वेचा पास येथूनच घेऊन जावा का? अनेक वर्षे या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. परदेशी पर्यटकांसाठी असलेला सात दिवसांचा 'जपान रेल पास' २९ हजार ६५० येनला मिळत असे आणि तोक्यो ते क्योतो हा एकच प्रवास जाऊन-येऊन केला, तरी त्याची किंमत जवळपास वसूल होत असे. त्यामुळे नातेवाईक, सहकारी, प्रवासी कंपन्या सर्वांचा सल्ला एकच होता : पास घ्या आणि निश्चिंत व्हा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हे गणित बदलले. सात दिवसांच्या साध्या पासची किंमत एकदम ५० हजार येन झाली, चौदा दिवसांचा पास ८० हजारांवर आणि एकवीस दिवसांचा एक लाख येनवर गेला. येनचा भाव ५५ ते ६० पैशांच्या घरात धरला, तर चौघांच्या कुटुंबाला सात दिवसांच्या पाससाठी लाखाहून अधिक रुपये मोजावे लागतात. जुन्या सल्ल्यावर विसंबून पास घेणाऱ्याचे त्यातील तीस-चाळीस हजार रुपये अक्षरशः वाया जाऊ शकतात. म्हणूनच जपानमध्ये शहरा-शहरांतील प्रवासाची आखणी करताना आधी कागद-पेन्सिल घेऊन बसणे आवश्यक झाले आहे. त्यासाठी तेथील रेल्वेची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

एक देश, सहा कंपन्या

भारतीय प्रवाशाला रेल्वे म्हटली की एकच संस्था, एकच संकेतस्थळ आणि एकच तिकीट डोळ्यांसमोर येते. जपानमध्ये तसे नाही. तेथील राष्ट्रीय रेल्वेचे १ एप्रिल १९८७ रोजी विभाजन झाले आणि प्रदेशानुसार सहा प्रवासी कंपन्या अस्तित्वात आल्या : होक्काइदो, पूर्व, मध्य, पश्चिम, शिकोकु आणि क्यूशू. या सर्वांना मिळून 'जेआर' म्हणतात. मालवाहतुकीसाठी सातवी स्वतंत्र कंपनी आहे. त्याशिवाय मोठ्या शहरांच्या परिसरात अनेक खासगी रेल्वे कंपन्या आणि भुयारी रेल्वे आहेत. त्यांचा जेआरशी संबंध नाही आणि जेआरचा पासही त्यांच्यावर चालत नाही.

या विभागणीचा परिणाम प्रवाशाला पदोपदी जाणवतो. तोक्योहून क्योतो व ओसाकाकडे जाणारी बुलेट ट्रेन मध्य कंपनीची, ओसाकाहून पुढे हिरोशिमामार्गे फुकुओकाला जाणारा मार्ग पश्चिम कंपनीचा, तर तोक्योहून उत्तरेकडे सेंदाईला जाणारा मार्ग पूर्व कंपनीचा आहे. गाड्या एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत सहज जातात. मात्र आरक्षणाची संकेतस्थळे, सवलती आणि प्रादेशिक पास वेगवेगळे आहेत. 'संकेतस्थळावर सेंदाईची गाडी सापडतच नाही,' अशी तक्रार पर्यटक करतात, तेव्हा बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कंपनीच्या संकेतस्थळावर शोधत असतात.

नोझोमी, हिकारी, कोदामा

'शिनकान्सेन' या शब्दाचा अर्थ 'नवी मुख्य वाहिनी'. जपानमधील जुने रेल्वेमार्ग १,०६७ मिलिमीटर रुंदीचे आहेत. त्यांच्यावर फार वेग गाठता येत नसल्याने १,४३५ मिलिमीटर रुंदीचा संपूर्णपणे वेगळा मार्ग बांधण्यात आला. तोक्यो ते शिन-ओसाका हा पहिला टप्पा १ ऑक्टोबर १९६४ रोजी, ऑलिंपिक स्पर्धेच्या तोंडावर सुरू झाला. तेव्हा या प्रवासाला चार तास लागत. आता सर्वांत वेगवान गाडी तेच सुमारे ५१५ किलोमीटरचे अंतर अडीच तासांच्या आत कापते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा नियोजित मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे, हे लक्षात घेतले की या अंतराची कल्पना मुंबईकरांना सहज येईल. त्या प्रकल्पाची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या उपस्थितीत झाली होती.

१९६४ पासून आजपर्यंत शिनकान्सेनच्या एकाही प्रवाशाचा गाडी रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन मृत्यू झालेला नाही. भूकंपाची पहिली चाहूल लागताच वीजपुरवठा तोडून गाड्या आपोआप थांबवण्याची व्यवस्था या मार्गांवर आहे.

तोक्यो-ओसाका मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात. 'नोझोमी', म्हणजे आशा, ही सर्वांत कमी थांबे घेते; गर्दीच्या वेळी तासाला एका दिशेने बारापर्यंत नोझोमी सुटतात. 'हिकारी', म्हणजे प्रकाश, काही अधिक थांबे घेते. 'कोदामा', म्हणजे प्रतिध्वनी, प्रत्येक स्थानकावर थांबते. तोक्यो ते क्योतोला नोझोमीने साधारण सव्वादोन तास, हिकारीने पावणेतीन तासांच्या आत आणि कोदामाने साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. वेग तिन्हींचा सारखाच, ताशी २८५ किलोमीटरपर्यंत. फरक पडतो तो थांब्यांमुळे, आणि वाटेत मागची वेगवान गाडी पुढे जाऊ देण्यासाठी थांबावे लागत असल्यामुळे.

पासच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पासधारकाला हिकारी आणि कोदामा मोफत आहेत. नोझोमीला मात्र ऑक्टोबर २०२३ पासून जादा पैसे भरून बसता येते. तोक्यो ते क्योतोसाठी ही जादा रक्कम ४,९६० येन आणि तोक्यो ते हिरोशिमासाठी ६,५०० येन ठरवण्यात आली. हिरोशिमाला नोझोमी तोक्योहून सुमारे चार तासांत थेट नेते. नोझोमी टाळायची तर वाटेत गाडी बदलावी लागते आणि प्रवास पाच तासांच्या आसपास जातो.

हिशेब असा मांडावा

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांचा मार्ग ठरलेला असतो : तोक्यो, क्योतो, ओसाका आणि जमल्यास हिरोशिमा. नोझोमीच्या आरक्षित आसनाचे साध्या हंगामातील भाडे तोक्यो ते क्योतो १४,१७० येन आणि तोक्यो ते हिरोशिमा १९,७६० येन आहे. क्योतो ते हिरोशिमाला साधारण साडेअकरा हजार येन पडतात. या आकड्यांवरून तीन उदाहरणे पाहता येतील.

पहिले, तोक्यो ते क्योतो आणि परत. भाडे २८ हजार ३४० येन. येथे ५० हजारांचा पास घेणे म्हणजे माणशी वीस हजारांहून अधिक येनचे नुकसान.

दुसरे, तोक्यो-क्योतो-हिरोशिमा-तोक्यो. एकूण भाडे सुमारे साडेपंचेचाळीस हजार येन. येथेही पास महागच पडतो. शिवाय पास घेतला तर नोझोमीसाठी वेगळे पैसे भरा किंवा अधिक वेळ द्या, असा पेच राहतो.

तिसरे, तोक्यो-क्योतो-हिरोशिमा-फुकुओका आणि तेथून तोक्यो, हे सर्व सात दिवसांत. सुट्या तिकिटांची बेरीज ५५ हजार येनच्या पुढे जाते. येथे पास फायद्याचा ठरतो. तोक्योहून उत्तरेला आओमोरी आणि दक्षिणेला हिरोशिमा, असा लांबचा पल्ला आठवड्यात गाठणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो. मात्र असा प्रवास करणाऱ्याचा बराचसा वेळ गाडीतच जातो, हेही ध्यानात ठेवावे.

सारांश, सात दिवसांच्या आत सुट्या तिकिटांची बेरीज ५० हजार येनच्या पुढे स्पष्टपणे जात असेल, तरच देशव्यापी पासचा विचार करावा. भाडी आणि पासच्या किमती वेळोवेळी बदलतात; त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी जेआरच्या अधिकृत संकेतस्थळावरील आकडे घेऊन हीच बेरीज पुन्हा करावी. पाससाठी आणखी एक अट आहे. तो केवळ 'अल्पकालीन वास्तव्य' असा शिक्का पारपत्रावर असलेल्या पर्यटकांनाच मिळतो. विमानतळावर स्वयंचलित दारातून बाहेर पडल्यास हा शिक्का राहून जाण्याची शक्यता असते. म्हणून पास घेणाऱ्यांनी अधिकाऱ्याच्या खिडकीतूनच जावे.

प्रादेशिक पासचा पर्याय

देशव्यापी पास महागला असला तरी लहान क्षेत्राचे पास अजूनही परवडतात. क्योतो-ओसाका परिसरात मुक्काम करून हिमेजी, ओकायामा व हिरोशिमा पाहणाऱ्यांसाठी पश्चिम कंपनीचा पाच दिवसांचा 'कान्साई-हिरोशिमा' पास आहे. ऑक्टोबर २०२३ मधील दरवाढीनंतर त्याची किंमत १७ हजार येन झाली. क्योतोहून हिरोशिमाला एकदा जाऊन आले तरी तो वसूल होतो आणि मियाजिमा बेटावर नेणारी जेआरची फेरीबोटही त्यात येते. बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला १०० येनचा प्रवेशकर मात्र वेगळा द्यावा लागतो. या पासमध्ये एक मेख आहे. क्योतो ते शिन-ओसाका या तुकड्यावरील बुलेट ट्रेन मध्य कंपनीची असल्याने ती पासमध्ये बसत नाही. क्योतोहून शिन-ओसाकाला साध्या जलद गाडीने जावे, तेथे शिनकान्सेन पकडावी. त्यासाठी अर्धा तासही लागत नाही.

दुसरा उपयुक्त पास म्हणजे 'होकुरिकु आर्च पास'. तोक्योहून जपानी समुद्राच्या बाजूने कानाझावामार्गे क्योतो-ओसाकाला नेणारा हा सात दिवसांचा पास मार्च २०२४ मध्ये ३० हजार येनचा झाला. त्याच महिन्यात होकुरिकु शिनकान्सेन कानाझावाहून पुढे त्सुरुगापर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे कानाझावाहून क्योतोला जाताना आता त्सुरुगा येथे गाडी बदलावी लागते. कानाझावाची केनरोकुएन बाग आणि जुनी सामुराई वस्ती पाहायची असेल, तर हा मार्ग अधिक सरस ठरतो. मात्र फुजी पर्वताच्या बाजूने जाणारी बुलेट ट्रेन या पासमध्ये नाही.

एका प्रवासाची दोन तिकिटे

जपानमध्ये तिकीट हाती आले की पहिल्यांदा गोंधळ होतो. एका प्रवासासाठी दोन कागद मिळतात. एक मूळ भाड्याचे तिकीट. ते केवळ अंतरावर ठरते. दुसरे वेगवान गाडीच्या अधिभाराचे. त्यात आसनाच्या आरक्षणाचे पैसे धरलेले असतात. तोक्यो ते क्योतोच्या १४,१७० येनपैकी ८,३६० येन मूळ भाडे आणि ५,८१० येन नोझोमीचा अधिभार असतो. स्थानकाच्या स्वयंचलित फाटकात दोन्ही तिकिटे एकदमच घालावी लागतात आणि पलीकडे बाहेर आलेली तिकिटे आठवणीने उचलावी लागतात. काही वेळा दोन्ही एकाच कागदावरही छापलेली असतात.

या रचनेत प्रवाशाच्या फायद्याची एक गोष्ट आहे. शंभर किलोमीटरपेक्षा अधिक अंतराच्या मूळ तिकिटावर, मोठ्या शहरांच्या उपनगरी क्षेत्राबाहेर, पुढच्या दिशेने जाताना वाटेत उतरता येते. तोक्यो ते क्योतोच्या अशा तिकिटाची मुदत चार दिवसांची असते. नागोयाला एक रात्र थांबून पुढे जायचे असेल, तर मूळ तिकीट तेच चालते. अधिभाराचे तिकीट मात्र दोन टप्प्यांसाठी वेगवेगळे घ्यावे लागते. खिडकीवर तिकीट घेताना तसे आधीच सांगावे.

तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. त्यामुळे ते हरवले तर आपले आरक्षण आहे, असे सांगून उपयोग होत नाही. नवे तिकीटच घ्यावे लागते. प्रवास संपेपर्यंत ते जपून ठेवणे हाच उपाय.

आरक्षण : कधी आणि कसे

प्रतीक्षायादी आणि 'आरएसी' हे आपल्या परिचयाचे प्रकार तेथे नाहीत. आसन आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. नेहमीची तिकिटे प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहा वाजता खुली होतात. भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एरवीच्या दिवशी मात्र घाई करण्याचे कारण नसते. तोक्यो-ओसाका मार्गावरील प्रत्येक गाडीला सोळा डबे आणि १,३२३ आसने असतात आणि गाड्या काही मिनिटांच्या अंतराने सुटत राहतात. एकट्या-दुकट्या प्रवाशाला आयत्या वेळीही जागा मिळते. चार जणांना एकत्र बसायचे असेल, किंवा खिडकी हवीच असेल, तर काही दिवस आधी आरक्षण करावे.

तोक्योहून क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि फुकुओकाकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी 'स्मार्ट-ईएक्स' हे ॲप इंग्रजीत उपलब्ध आहे. परदेशी क्रेडिट कार्ड त्यावर चालते. एका वेळी सहा जणांपर्यंत आरक्षण करता येते आणि फोनवरच्या क्यूआर संकेताने फाटक उघडते. ऑक्टोबर २०२३ पासून या सेवेत वर्षभर आधीही आरक्षण करता येऊ लागले. काही दिवस ते काही आठवडे आधी घेतलेल्या तिकिटांना सवलत मिळते. तोक्योहून उत्तरेकडे किंवा कानाझावाकडे जाण्यासाठी पूर्व कंपनीचे 'एकिनेट' हे संकेतस्थळ आहे. ॲप नको असेल, तर स्थानकातील यंत्रे इंग्रजीत चालतात आणि हिरव्या चिन्हाच्या 'मिदोरि-नो-मादोगुचि' या खिडक्यांवर माणसे मदतीला असतात. तारीख, गाडीची वेळ, स्थानकाचे नाव आणि प्रवाशांची संख्या कागदावर लिहून दिल्यास भाषेची अडचण येत नाही.

नेहमीचे आरक्षित तिकीट गाडी सुटण्यापूर्वी एकदा विनाशुल्क बदलून मिळते. गाडी चुकली तरी त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत अनारक्षित डब्यात बसण्याची मुभा असते. सवलतीच्या तिकिटांना हे लागू नाही. रद्द करायचे असेल तर दोन दिवस आधीपर्यंत करावे. आदल्या दिवसापासून अधिभाराच्या तीस टक्के रक्कम कापली जाते.

मुलांच्या बाबतीत नियम उदार आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते. त्याहून लहान अशी दोन मुले एका मोठ्या प्रवाशाबरोबर विनामूल्य जातात. मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र आसन हवे असेल, तर अर्धे तिकीट घ्यावे लागते.

सामानाची अडचण

मराठी कुटुंब परदेशात निघाले की सामान मोजके असण्याची शक्यता कमीच. शिनकान्सेन मधल्या स्थानकावर मिनिट-दोन मिनिटेच थांबते. तेवढ्यात चार मोठ्या बॅगा चढवणे ही कसरत होते. शिवाय मे २०२० पासून तोक्यो-ओसाका-फुकुओका-कागोशिमा मार्गांवर मोठ्या सामानाचा नियम लागू आहे. बॅगेची लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर डब्यातील शेवटच्या रांगेचे, मागे सामानाला जागा असलेले आसन आधी आरक्षित करावे लागते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. आरक्षण न करता अशी बॅग नेल्यास एक हजार येन भरावे लागतात. २५० सेंटिमीटरपुढील सामान नेताच येत नाही. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ सेंटिमीटरची असल्याने बहुतेक बॅगा या नियमात बसतात. तरीही घरून निघण्यापूर्वी टेप घेऊन माप काढलेले बरे.

यावर जपानी लोक स्वतः वापरतात तो उपाय म्हणजे 'ताक्क्यूबिन'. हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅग द्यावी, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहावा; तोक्यो-क्योतोसारख्या अंतरावर ती साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका मोठ्या बॅगेला अंदाजे दोन ते तीन हजार येन पडतात. एका रात्रीचे कपडे व औषधे पाठीवरच्या पिशवीत ठेवून प्रवास करता येतो. विमानतळावर बॅग पाठवायची असल्यास एखादा दिवस जास्तीचा धरावा.

खिडकी आणि शिदोरी

साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात. फुजी पर्वत पाहायचा असेल तर दोन आसनांच्या बाजूची खिडकी, म्हणजे 'ई' क्रमांकाचे आसन घ्यावे. 'ग्रीन' या वरच्या वर्गात तेच 'डी' होते. क्योतोकडे जाताना ते उजव्या हाताला येते. तोक्योहून सुटल्यावर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, शिन-फुजी स्थानकाच्या आसपास पर्वत सर्वांत स्पष्ट दिसतो. हिवाळ्यातील सकाळी तो दिसण्याची शक्यता अधिक, पावसाळी दिवसांत कमी.

या मार्गावरील साध्या डब्यांत खाद्यपदार्थांची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. त्यामुळे खाण्याची सोय गाडीत बसण्यापूर्वीच करावी. स्थानकांवर मिळणारे 'एकिबेन', म्हणजे त्या त्या गावाची खासियत असलेले जेवणाचे डबे, हे जपानी रेल्वेचे वैशिष्ट्य आहे. शाकाहारी प्रवाशांनी मात्र सावध राहावे. भाजीचा दिसणारा पदार्थही बहुधा माशापासून केलेल्या 'दाशी'त शिजवलेला असतो. घरून आणलेले थेपले-दशम्या, किंवा स्थानकावरील दुकानातील फळे आणि आत आंबट आलुबुखार भरलेला साधा भाताचा 'ओनिगिरी' हे पर्याय सोयीचे. गाडीत बसल्या जागी खाण्यास हरकत नसते. फोनवर बोलायचे असल्यास मात्र दोन डब्यांमधील मोकळ्या जागेत जाण्याची पद्धत आहे.

मार्ग आखताना

पैसा आणि वेळ या दोन्हींची सर्वांत मोठी बचत रेल्वेच्या खिडकीवर नव्हे, तर विमानाचे तिकीट काढतानाच होते. तोक्योला उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतण्याचे तिकीट काढले, तर ओसाका ते तोक्यो हा परतीचा प्रवासच वाचतो. माणशी चौदा हजारांहून अधिक येन आणि अर्धा दिवस हाती राहतो. क्योतोहून कान्साई विमानतळावर 'हारुका' ही गाडी सुमारे सव्वा ते दीड तासात थेट नेते.

स्थानकाची नावेही नीट पाहावीत. 'शिन' म्हणजे नवे. बुलेट ट्रेन शिन-ओसाकाला थांबते, ओसाका स्थानक वेगळे आहे. दोन्हींमध्ये साध्या गाडीने काही मिनिटांचे अंतर आहे. तोक्योत मुक्काम शहराच्या दक्षिण किंवा पश्चिम भागात असेल, तर मुख्य स्थानकाऐवजी शिनागावाहून गाडी पकडणे सोयीचे. तोक्यो आणि शिंजुकु ही स्थानके इतकी विस्तीर्ण आहेत की पहिल्यांदा जाणाऱ्याने फलाट गाठण्यासाठी अर्धा तास हाती ठेवावा. गाडी आपली वाट पाहणार नाही.

रात्रीच्या प्रवासाची भारतीय सवय तेथे उपयोगी पडत नाही. मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळेत शिनकान्सेन धावत नाही. तोक्योहून ओसाकाकडे जाणारी शेवटची गाडी रात्री साडेनऊच्या आत सुटते. शयनयान असलेली नियमित गाडी आता एकच उरली आहे. तोक्योहून ताकामात्सु व इझुमोकडे जाणाऱ्या या 'सनराइज' गाडीची आसने फार लवकर संपतात. साप्पोरोला जाणाऱ्यांनी तर विमानच धरावे. होक्काइदो शिनकान्सेन सध्या शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंतच जाते.

शहरांतर्गत प्रवासासाठी 'सुइका', 'पास्मो' किंवा 'इकोका' यांपैकी एक कार्ड पुरेसे आहे. २०१३ पासून ही कार्डे देशातील मोठ्या शहरांत परस्परांच्या क्षेत्रात चालतात. भुयारी रेल्वे, बस आणि किराणा दुकानांतही ती वापरता येतात. मात्र तोक्योत कार्डाने आत शिरून ओसाकात त्याच कार्डाने बाहेर पडता येत नाही. शहरांमधील प्रवासाला वेगळे तिकीट लागतेच.

सुट्यांची टक्कर

आपल्याकडे मे महिन्याची सुटी लागते आणि त्याच सुमारास जपानमध्ये 'गोल्डन वीक' असतो. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निम्मा जपान प्रवासाला निघालेला असतो. ऑगस्टच्या मध्यावरील 'ओबोन' आणि वर्षअखेर हे गर्दीचे आणखी दोन काळ. या तिन्ही काळांत नोझोमीचे सर्व डबे आरक्षित असतात आणि भाडेही थोडे चढे असते. शाळेच्या सुटीतच जायचे असेल, तर ६ मेनंतरचा काळ निवडावा. दिवाळीची सुटी तुलनेने सोयीची. मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोत लाल झालेली मेपलची पाने पाहण्यासाठी मोठी गर्दी होते आणि हॉटेले महागतात.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा वादळांचा हंगाम. मोठे वादळ येणार असेल, तर रेल्वे कंपन्या आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवण्याची घोषणा करतात. गाडी रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतात आणि वेगवान गाडी दोन तास किंवा अधिक उशिरा पोहोचली तर अधिभार परत मिळतो. तिकीट फेकून न देता ते खिडकीवर दाखवावे. या दिवसांत परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच विमानतळाच्या शहरात मुक्काम ठेवणे शहाणपणाचे.

थोडक्यात

• आधी शहरे व तारखा ठरवा, सुट्या तिकिटांची बेरीज करा, मगच पासचा विचार करा.

• एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतणारे विमानाचे तिकीट पाहा.

• क्योतो-हिरोशिमा किंवा कानाझावा मार्गासाठी प्रादेशिक पास तपासा.

• पास घेणार असाल तर विमानतळावर पारपत्रावर शिक्का मारून घ्या.

• आरक्षण महिनाभर आधी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाला खुले होते.

• बॅगेच्या तिन्ही मापांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर मागच्या रांगेचे आसन घ्या.

• दोन्ही तिकिटे प्रवास संपेपर्यंत सांभाळा.

• शाकाहारी असल्यास गाडीत बसण्यापूर्वी शिदोरीची सोय करा.

• एप्रिलची अखेर, मेचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि वर्षअखेर शक्यतो टाळा.